कंबर दुखते, एवढंच

सरकारी दवाखान्यातल्या स्त्रीरोग विभागाबाहेरचा लाकडी बाक मला पाठ आहे. आरोग्याचं काम करणाऱ्या एका लहानशा गटाबरोबर मी आठ-नऊ वर्षं वस्तीतल्या बायकांना तिथं घेऊन जात होते. केसपेपर हातात धरून बाई टेबलापर्यंत पोहोचते, मागे रांग, शेजारी कुणाचा तरी नवरा, दाराशी मावशी. ‘‘काय होतंय?’’ असा प्रश्न येतो. उत्तर ठरलेलं असतं. ‘‘कंबर दुखते.’’ नाहीतर, ‘‘अंगावरून पांढरं जातं.’’ कॅल्शियमच्या आणि जंतांच्या गोळ्या मिळतात, पुढची बाई येते. बाहेर पडून रिक्षाची वाट बघताना, चहाचा कप हातात आल्यावर, तीच बाई माझ्याकडे न बघता म्हणते, ‘‘ताई, ते जवळ आले की सुरी फिरवल्यासारखं होतं हो.’’

हे वाक्य मी इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या वयाच्या बायकांकडून ऐकलं आहे, की आता कुणी ‘‘कंबर दुखते’’ म्हटलं की मी आधी थांबते.

बायकांच्या लैंगिक तक्रारींवर औषधच नाही, असा एक समज सुशिक्षित घरांतही पक्का आहे. पुरुषांसाठी गोळी निघाली, बायकांचं सगळं गुंतागुंतीचं, मनाचं, असं म्हणून विषय संपवतात. मला नेमकं याच्या उलट म्हणायचं आहे. उपचार आहेत. त्यातले सर्वांत परिणामकारक उपचार जुने आहेत, बरेचसे स्वस्त आहेत आणि त्यांना नवं यंत्र लागत नाही. उणीव आहे ती विचारणाऱ्या माणसाची, आणि विचारलंच तर ते कुणासाठी विचारायचं या समजेची.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण इथंच गल्लत होते. वैद्यकशास्त्रात इच्छा कमी असणं हा आपोआप आजार ठरत नाही. त्या बाईला स्वतःला त्याचा त्रास होत असला पाहिजे, ही अट व्याख्येतच आहे. नवऱ्याला कमी वाटतं, सासूला नातू हवा आहे, ही तिच्या आजाराची लक्षणं नव्हेत. दोन लहान मुलं, घरकाम, नोकरी आणि लोकलचा प्रवास उरकून रात्री साडेअकराला आडवं होणाऱ्या बाईला झोप हवी असेल, तर तिला झोप हवी आहे. तिला रुग्ण करू नये. पण जिला स्वतःला हवं आहे आणि शरीर साथ देत नाही, किंवा पूर्वी जे सुखाचं होतं ते आता दुखतं, तिला ‘‘चालायचंच’’ म्हणून घरी पाठवणंही तितकंच चूक आहे.

वेदनेपासून सुरुवात करते, कारण उपचार सर्वांत चांगले तिथेच आहेत आणि दुर्लक्षही तिथेच जास्त आहे. भारतात बायकांची पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. इस्ट्रोजेन हे अंडाशयातून येणारं हार्मोन कमी झालं की योनीची त्वचा पातळ, कोरडी आणि नाजूक होते. संबंधाच्या वेळी आग होते, कधी रक्त येतं, लघवीला जळजळतं, लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. गरम वाफांचे झटके काही वर्षांत ओसरतात. हा कोरडेपणा मात्र उपचारांशिवाय सहसा आपणहून जात नाही.

माझंच सांगते. एकोणपन्नासाव्या वर्षापासून मला हा त्रास सुरू झाला. पहिल्या डॉक्टरांनी लघवीच्या संसर्गाची औषधं दिली, तीन वेळा. दुसऱ्या बाई होत्या, म्हणून मी धीर करून खरं ते सांगितलं. त्या हसून म्हणाल्या, ‘‘आता या वयात कशाला?’’ वर शेजारी बसलेल्या यांच्याकडे वळून त्यांनी विचारलं, ‘‘तुमची काही तक्रार आहे का?’’ यांना काय बोलावं कळेना. मी पर्स उचलली. त्यानंतर तिसऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचायला मला दोन वर्षं लागली. त्यांनी जे दिलं ती इस्ट्रोजेनच्या मलमाची एक ट्यूब होती, सोबत प्लास्टिकची नळी. पहिले दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा. महिन्या-दीड महिन्यात लघवीची जळजळ थांबली. बाकीचंही सुधारलं. दोन वर्षं मी एका ट्यूबवाचून काढली होती.

या मलमाची भीती खूप आहे. 2002 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पोटातून घेतलेल्या एकत्रित हार्मोनच्या गोळ्यांमुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढताना दिसला आणि ती बातमी जगभर गेली. योनीत लावायच्या अल्प मात्रेच्या मलमातून रक्तात फारच थोडं इस्ट्रोजेन उतरतं, पण पाकिटातल्या कागदावरचा इशारा मात्र तोच छापला गेला. बाई औषध घरी आणते, कागद वाचते, ट्यूब कपाटात ठेवते. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे त्यांनी आपल्या कर्करोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय ते वापरू नये; त्यांच्यासाठी हार्मोन नसलेली ओलावा देणारी जेल आधी आहेत. इतर बहुतेकींसाठी हा साधा, नेहमीचा उपचार आहे. आणि ‘बाळंतिणीला कसला कोरडेपणा’ म्हणणाऱ्यांसाठी सांगते, बाळ अंगावर पीत असतानाही इस्ट्रोजेन खाली गेलेलंच असतं. पंचविशीतल्या मुलीलाही हेच होतं आणि तिला वाटतं आपलं काहीतरी कायमचं बिघडलं.

आता बीडची गोष्ट काढल्याशिवाय राहवत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या ‘पिशव्या काढल्या’ जातात ही ओरड झाल्यावर 2019 मध्ये राज्य सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांच्या पाहणीत 13 हजारांहून जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. कित्येक जणी तिशी-पस्तिशीतल्या. चर्चा झाली ती खाडे, मुकादम, खाजगी दवाखाने यांची. व्हायलाच हवी होती. पण पिशवीबरोबर अंडाशयही काढले की त्या बाईची पाळी नैसर्गिकपणे जात नाही, एका दुपारीत जाते. इस्ट्रोजेन तर संपतंच, अंडाशयातून येणारं, इच्छेशी जोडलेलं टेस्टोस्टेरॉनही संपतं. तिच्या पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या वैवाहिक आयुष्याचं काय झालं, हे कुणी विचारल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. तिला मलमाची ट्यूब कुणी लिहून दिली?

वेदनेचं दुसरं मोठं कारण योनीभोवतीच्या स्नायूंत असतं. आत काही जाणार म्हटलं की ते स्नायू मुठीसारखे आवळतात. ती आवळत नाही, ते आवळले जातात. व्हजायनिस्मस म्हणतात त्याला. माझ्या एका मैत्रिणीची भाची लग्नानंतर चार वर्षं वंध्यत्वाच्या दवाखान्यात जात होती. रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाल्या, नवऱ्याचं वीर्य तपासून झालं, कृत्रिम रेतनाचा सल्लाही झाला. या चार वर्षांत तुमचा संबंध होतो का, हा प्रश्न एकाही टेबलावर विचारला गेला नव्हता. होतच नव्हता. एकदाही झाला नव्हता.

तिला अखेर एक फिजिओथेरपिस्ट भेटली. गुडघ्याची नव्हे, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करणारी. पहिल्या दोन भेटींत तिने हातही लावला नाही. आरसा दिला, स्वतःचं अंग बघायला शिकवलं, श्वासाबरोबर ते स्नायू सैल कसे सोडायचे ते दाखवलं. मग करंगळीएवढ्या जाडीपासून चढत्या आकाराचे गुळगुळीत डायलेटर, म्हणजे योनीत हळूहळू सरकवायच्या कांड्या, घरी, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गतीने. एका आकाराची भीती पूर्ण गेल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. सात महिने लागले. मुलगी म्हणाली, ‘‘मावशी, पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं की घाई नाही.’’ या त्रासात असा उपचार चांगला लागू पडतो, ही वैद्यकातली जुनी माहिती आहे. तरीही घरोघर अजून ‘‘दोन घोट घे, ढिली पडशील’’ हाच सल्ला मिळतो.

आणि हे न समजण्याची किंमत कोर्टात मोजली जाते. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 नुसार जोडीदाराच्या लैंगिक असमर्थतेमुळे विवाह शरीरसंबंधाने पूर्ण झाला नसेल तर तो रद्द करून मागता येतो. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानसिक छळाची उदाहरणं देताना, दीर्घ काळ एकतर्फी संबंध नाकारणं हेही त्यात धरलं. पण ‘शारीरिक असमर्थता किंवा सबळ कारण नसताना’ अशी अट घालून. न्यायालयाला ही अट सुचली. आपल्या बैठकीतल्या काका-मामांना सुचत नाही. मुलगी ‘थंड’ आहे असं ठरवून माहेरी पाठवण्याआधी तिला एका फिजिओथेरपिस्टकडे नेलं का, असं त्यांना कुणीतरी विचारायला हवं.

याच जागी एक इशाराही द्यायला हवा. आपल्या कायद्यात नवऱ्याने बायकोवर केलेली जबरदस्ती आजही बलात्कारात मोडत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये जुना अपवाद तसाच ठेवला आहे. अशा देशात ‘बायकांच्या लैंगिक समस्यांवर उपचार’ हे शब्द धोक्याचेही होऊ शकतात. जी बाई नको म्हणते आहे तिचं शरीर सोसण्याजोगं करून देणं म्हणजे उपचार नव्हे. जिचे स्नायू भीतीने आवळतात तिची भीती खरी असू शकते. म्हणून मी म्हणते की तपासताना नवरा बाहेर बसला पाहिजे. त्याच्यावर संशय म्हणून नव्हे, तिला एकदा तरी एकटीने बोलता यावं म्हणून.

इच्छेच्या गोळ्यांकडे वळते. मार्च 1998 मध्ये अमेरिकेत पुरुषांच्या निळ्या गोळीला, व्हायग्राला, परवानगी मिळाली आणि बायकांसाठीच्या गोळीचा शोध सुरू झाला. फ्लिबॅन्सेरिन हे मुळात नैराश्यावर म्हणून तपासलेलं औषध. दोनदा नाकारलं गेल्यावर 2015 मध्ये पाळी न गेलेल्या बायकांसाठी त्याला मंजुरी मिळाली. रोज रात्री घ्यायचं. चक्कर, झोप, रक्तदाब उतरणं, दारूबरोबर घेतल्यास बेशुद्धीचा धोका. आणि फायदा? औषध नसलेल्या खोट्या गोळीच्या तुलनेत महिन्याला सरासरी अर्धा ते एक समाधानकारक प्रसंग जास्त. 2019 मध्ये ब्रेमेलॅनोटाइडचं इंजेक्शन आलं, संबंधाच्या पाऊण तास आधी पोटाला किंवा मांडीला टोचायचं. ते घेणाऱ्या 100 पैकी 40 जणींना मळमळ झाली. टेस्टोस्टेरॉनची स्थिती थोडी बरी आहे. पाळी गेलेल्या आणि इच्छा मावळल्याचा स्वतःला त्रास होणाऱ्या बायकांना त्याचा माफक उपयोग होतो, यावर 2019 मध्ये अनेक देशांच्या वैद्यकीय संघटनांचं एकमत झालं. पण बायकांसाठी म्हणून बनवलेलं औषध बहुतेक देशांत मिळतच नाही, त्यामुळे पुरुषांच्या जेलचा अगदी लहानसा अंश रक्ततपासणी करत वापरावा लागतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मला हलका वाटत नाही. पुरुषाला गोळी आणि बाईला समुपदेशन, हा भेदभावच नाही का? अमेरिकेत याच मुद्द्यावर मोहीम चालली. आक्षेपाचा अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. बायकांच्या शरीरावर संशोधन उशिरा आणि कंजूषपणे झालं. क्लिटोरिसचा, म्हणजे बाईच्या कामसुखाच्या मुख्य अवयवाचा, बहुतेक भाग शरीराच्या आत दडलेला असतो, त्याची खरी व्याप्ती ऑस्ट्रेलियाच्या युरॉलॉजिस्ट हेलन ओकॉनेल यांनी शवविच्छेदनांवरून मांडली, तीही 1998 मध्येच. निळी गोळी दुकानात आली त्या वर्षी आम्ही बायकांच्या अवयवाचा नकाशा काढत होतो. माझ्या शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत गर्भाशय होतं, बीजवाहिन्या होत्या, तो अवयव नव्हता. नुसत्या संभोगाने बहुतेक बायकांना परमोच्च सुख मिळत नाही, त्या अवयवाला स्पर्श लागतो, एवढं नवरा-बायकोला कळलं तरी ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ म्हणणाऱ्या कितीतरी जणी बऱ्या होतील. आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग मात्र मला पटत नाही. समता म्हणजे तितक्याच गोळ्या नव्हेत. कमकुवत औषध महाग विकलं जाणं हा बाईचा सन्मान नाही.

गोळी देण्यापेक्षा कधी कधी गोळी बदलणं हाच उपचार असतो. नैराश्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या औषधांनी इच्छा मंदावते, परमोच्च सुख उशिरा येतं किंवा येतच नाही. पुरुष रुग्ण हे येऊन सांगतो, त्याची मात्रा बदलली जाते. बाई सांगत नाही, तिला कुणी विचारत नाही. एक तर ती सोसते, नाहीतर औषध आपल्या मनाने सोडते आणि नैराश्य उलटतं. तसं मुळीच करू नये, डॉक्टरांना सांगावं, पर्याय असतात. मधुमेह, थायरॉइड, रक्तक्षय यांचंही तेच. घरोघरी मधुमेह असलेल्या आपल्या समाजात पुरुषाच्या मधुमेहाने काय होतं हे पानाच्या टपरीवर माहीत असतं, बाईच्या मधुमेहाने होणारा कोरडेपणा, खाज आणि बधिरपणा दवाखान्यातही बोलला जात नाही.

मोठ्या शहरांत आता योनीच्या लेझरच्या जाहिराती दिसतात. ‘पुन्हा तारुण्य’ वगैरे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये भाजणे, व्रण आणि कायमच्या वेदनेचा धोका सांगून याविरुद्ध जाहीर इशारा दिला. 2021 मध्ये खोट्या लेझरशी तुलना करून केलेल्या चाचणीत वर्षभराने दोन्ही गटांत फरक दिसला नाही. हे पैसे वाचवा. आपल्याकडे 1954 पासून कामसुख वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला कायद्याने बंदी आहे, तरी रेल्वेच्या कडेच्या भिंती काय सांगतात ते आपण सगळे वाचतच मोठे झालो.

मनाचा भाग नाही असं मी म्हणत नाही. तो मोठा आहे, फक्त तो ‘तुमच्या मनाचे खेळ’ म्हणून झटकण्याइतका हलका नाही. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी 1970 मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरतात: काही आठवडे संभोग पूर्ण बंद, फक्त स्पर्श, कसलंही ध्येय न ठेवता. दडपण निघून गेलं की शरीर बोलू लागतं. ही पद्धत मला फार शहाणी वाटते. पण तिच्यात एक बंद दार गृहीत आहे. दहा बाय बाराच्या खोलीत, पडद्यापलीकडे सासरे खोकत असताना आणि धाकटं पोर कुशीत असताना, ही बाई कुठल्या दाराची कडी लावणार? मुंबईत लैंगिक वैद्यकाचा वेगळा विभाग केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी उभा केला, म्हणजे आपल्याकडे जाणकारी नाही असं नाही. त्याच्याही कितीतरी आधी, 1921 मध्ये, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. बाईलाही कामसुखाचा तितकाच हक्क आहे हे त्यांनी मराठीत, स्वच्छ शब्दांत लिहिलं. अश्लीलतेचे खटले भरले गेले, 1934 च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. म्हणून कुणी हा विषय पाश्चात्त्य फॅड म्हटला की मला राग येतो.

मला तज्ज्ञांची नवी फौज नको आहे. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट असतात, त्यातल्या एका बाईला ओटीपोटाच्या स्नायूंचं प्रशिक्षण द्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्या प्रत्येकीला योनी आकसू नये म्हणून डायलेटर आणि तो वापरायचा कसा हे सांगणारी नर्स मिळू द्या; हा कर्करोग आपल्या बायकांत दुसऱ्या क्रमांकाचा आहे. बाळंतपणानंतर दीड महिन्याने बाई लस द्यायला बाळाला घेऊन येतेच, तेव्हा तिच्या टाक्यांची चौकशी करा. तिशीनंतरच्या बीपी-शुगरच्या तपासणीत एक प्रश्न वाढवा: संबंधाच्या वेळी दुखतं का?

एका प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर हा प्रश्न आपणहून विचारतात. मी त्यांना बघितलं आहे. दंडाला बीपीचा पट्टा बांधून हवा भरतात, स्टेथोस्कोपसाठी खाली वाकतात आणि हलक्या आवाजात विचारतात. मी म्हटलं, नेमकं तेव्हाच का? त्या म्हणाल्या, ‘‘तेवढाच वेळ बाई माझ्या इतकी जवळ असते, ताई. आणि पट्टा असतो म्हणून कुणी मध्ये बोलत नाही.’’ त्या दिवशी समोर चाळिशीतली एक बाई होती. तिने आधी मान हलवली, नाही. सिस्टरांनी आकडा लिहिला, हवा सोडली, पट्टा सोडवला. बाई उठली नाही. दंडावरचा वळ चोळत म्हणाली, ‘‘धाकट्याच्या टायमाला टाके पडले तेव्हापासनं. तो आता आठवीत हाये.’’